देवघरातला उंदीर

आमच्या ओकव्हिलच्या घरातल्या देवघरात एक उंदीर आहे. संगमरवराचा, लिंबाएवढा, पाठीवर एक करडी रेघ. उमा रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहते, फूल मिळालं तर फूल, नाहीतर बॅकयार्डातलं गवत दूर्वा म्हणून. उंदरापुढे गणपती नाही. तो तुर्कस्तानच्या विमानतळावर पकडला गेला, आणि त्याच्याबरोबर आमची शिवांगी पकडली गेली. उंदीर आणि आम्ही नवरा-बायको तेवढे सुटून आलो.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. सरकारी रस्ते खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. मराठी मंडळात माझी ओळख करून देताना म्हणतात, ‘अरविंदराव म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस.’ आता मी चालतच नाही. तीन वर्षांपूर्वी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना पडलो, खुबा मोडला, नवा बसवला, तो नीट बसला नाही. तेव्हापासून चाकाची खुर्ची.

शिवांगी त्या खुर्चीबरोबर घरात आली. सव्वीस वर्षांची, बार्शीची. ब्रॅम्पटनला एका बेसमेंटमध्ये आणखी तीन मुलींबरोबर राहायची. कॉलेजचा डिप्लोमा झाला होता, वर्क परमिट होतं, पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, अप्लाय करायचं होतं. आठवड्यातून पाच दिवस दोन बस बदलून आमच्याकडे यायची आणि बापाचं करावं तसं माझं करायची. तिच्या दोन सवयी सांगून ठेवतो. खुर्ची थांबली की आधी ब्रेक लावायचा, मग दुसरं काम. आणि दिवसातून एकदा मला उभं करून, खुर्चीची उशी उचलून खालचं सगळं झाडायचं. चकलीचा चुरा, गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकदा तर माझी हरवलेली कानातली मशीन. ‘काका, तुमच्याखाली अख्खं किराणा दुकान निघतं,’ असं म्हणायची.

जन्मभर रस्ते आखले म्हणून मला रोमन रस्ता एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. आमची मुलगी अनन्या सस्काटूनला डॉक्टर आहे. तिने गेल्या मे महिन्यात सगळं ठरवलं. ‘बाबा, डू इट नाऊ. शिवांगीला बरोबर न्या.’ शिवांगी याआधी बार्शी, पुणे आणि ब्रॅम्पटन एवढंच पाहिलेली. व्हिसा आला त्या दिवशी तिने घरी फोन करून आईला सांगितलं की काका मला समुद्रकाठचं जुनं गाव दाखवायला नेतायत. मी ते शेजारच्या खोलीतून ऐकलं आणि मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

गावाचं नाव फासेलिस. ग्रीकांनी वसवलेलं, पुढे रोमनांनी सजवलेलं. पाइनच्या झाडीत, तीन छोट्या बंदरांच्या मधे. एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत दगडी फरसबंदीचा रुंद रस्ता जातो, दोन्ही बाजूंना पायऱ्या, स्नानगृहांच्या भिंती, मोडके खांब. मी सांगितलं म्हणून शिवांगीने मला त्या रस्त्यावरून टोकापर्यंत नेलं. चाकं फटीत अडकत होती, खुर्ची हिसके खात होती, तिचं कपाळ घामाने थबथबलं होतं आणि मी तिला दोन हजार वर्षांपूर्वीचा पाण्याचा निचरा समजावून सांगत होतो. ती म्हणाली, ‘काका, म्हणजे आमच्या बार्शीपेक्षा बरा होता की.’ आम्ही दोघं खूप हसलो. त्या सहलीतलं तेवढंच हसणं मला स्वच्छ आठवतं.

गाइडने एक गोष्ट सांगितली. इथे पहिल्यांदा परदेशातून माणसं आली तेव्हा ही जागा एका मेंढपाळाची होती म्हणे. त्यांनी त्याला विचारलं, धान्य देऊ की खारवलेले मासे? त्याने मासे घेतले आणि जागा देऊन टाकली. उमा म्हणाली, ‘मूर्खच म्हणायचा.’ शिवांगी म्हणाली, ‘भूक लागली असेल हो, काकू.’

रस्त्याच्या शेवटी एका सम्राटाच्या स्वागतासाठी बांधलेली कमान होती. आता तिचे संगमरवरी तुकडे जमिनीवर पडलेले आहेत, काहींवर अक्षरं, काहींवर वेलबुट्टी. तिथे उमा थांबली. वाकली. आणि दोन्ही हातांनी एक तुकडा उचलून छातीशी धरला.

‘अहो, हे बघा. सोंड.’

खांबाच्या माथ्यावर दगडात पानं कोरायची रीत होती. त्यातल्या एका पानाचं टोक, वळून कुरळं झालेलं, एका बाजूने मोडलेलं. पण मी पाहिलं आणि मलाही सोंड दिसली. उजवीकडे वळलेली. वरती एक खळगा, तो डोळा. आपल्या माणसांना भोपळ्यात, ढगात, भिंतीवरच्या ओलीत गणपती दिसतो, मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने मन लावून कोरलेल्या वळणात का दिसू नये?

‘उमा, ठेव खाली. गेटवर पाटी आहे. दगड उचलायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे. मी मोठ्याने वाचली होती ना तुला?’

‘एवढा डोंगर पडलाय इथे. आणि मी दगड नेत नाहीये. परक्या देशात उन्हातान्हात पडलाय बिचारा, कोणी विचारत नाही. आपल्या दृष्टीस पडला म्हणजे त्याला यायचंय.’ मग तिला जवळच तशाच करड्या रेघेचा तो छोटा तुकडा दिसला. ‘आणि हा बघा त्याचा उंदीर. आता बोला.’

मी बोललो नाही. उमाशी बावन्न वर्षं संसार केल्यावर कुठे बोलायचं नाही हे कळतं, आणि त्यालाच मी शहाणपण म्हणत आलो. शिवांगी तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरायला गेली होती. ती आली तोवर गणपती नव्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेला होता. चांगला किलोभर वजनाचा. माझ्या गोळ्या, कपडे, सगळं शिवांगीच्याच पाठपिशवीत असायचं, तिथेच तोही गेला. ‘देव आहे हं त्यात. उघडू नकोस, आणि पायाशी ठेवू नकोस,’ उमाने बजावलं. शिवांगीने पिशवीला हात लावून नमस्कार केला. उंदीर उमाच्या पर्समध्ये, कुंकवाच्या डबीशेजारी.

परतीच्या दिवशी विमानतळावर पिशवी मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने विचारलं, पिशवी कुणाची? शिवांगी म्हणाली, माझी. खरं तेच बोलली. त्याने नॅपकिन उलगडला. मग दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं, मग तिसरा आला. हे कुठून आणलं?

शिवांगीने उमाकडे पाहिलं. उमा मराठीत बोलली. हळू, गोड आवाजात, तिला जेवायला वाढताना बोलते तशी. ‘बाळ, तूच सापडलं म्हणून सांग. तू लहान आहेस, तुला सोडून देतील. आम्हाला धरलं तर ह्यांचं काय होईल? ह्यांचं बीपी तुला माहितीये.’ त्या हॉलमध्ये शेकडो माणसं होती आणि तिचं बोलणं आम्हा तिघांनाच कळत होतं.

शिवांगीने माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानेही तिच्या नजरेमागून माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, सर, तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे?

मी म्हणालो, ‘नो.’

त्यानंतर सगळं भराभर झालं. विमानाची वेळ झाली होती, खुर्चीवरच्या प्रवाशांना आधी नेतात. तिला घेऊन जाताना ती एकदम मागे आली. मला वाटलं ओरडेल, रडेल. ती खाली वाकली आणि माझ्या खुर्चीचा ब्रेक लावला. पट्ट्यापाशी जरा उतार होता. मग गेली.

अकरा दिवसांनी त्यांनी तिला सोडलं. तिथल्या वकिलाने मिटवता येईल तेवढं मिटवलं, पण नोंद व्हायची ती झाली. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्याचा प्रयत्न, नाव शिवांगी, वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर. अनन्याने इथून धावपळ करून तो वकील लावला होता. तिला आम्ही सांगितलं होतं की पोरीने नादानपणा केला. अनन्या म्हणाली, ‘पुअर थिंग.’ उमाने मान हलवली. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

शिवांगी परत आमच्याकडे कामाला आली नाही. आता एजन्सीची बाई येते. चांगली आहे, घड्याळ बघून येते आणि जाते, उशीबिशी उचलत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी शिवांगीचा फोन आला. आवाज नेहमीचाच. ‘काका, पीआरच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे. कुठल्याही देशात कधी अटक झालीय का म्हणून. मी हो लिहिलंय. खोटं लिहिलं तर संपलंच. लॉयर म्हणतो, एक लेटर मिळालं तर केस उभी राहील. ज्यांनी पाहिलं त्यांचं. दगड कुणी उचलला, पिशवीत कुणी ठेवला, एवढंच. नाहीतर परमिट संपलं की परत जायचं. तुम्ही तिथे होता, काका.’

मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, ‘फॉर्म शुक्रवारी जाणार. मी गुरुवारी येते.’

उमाला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. ‘म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यांपुढे आपण खोटं बोललो असं लिहून द्यायचं. या वयात. उद्या ते मंडळात फिरलं तर? अनन्याच्या हॉस्पिटलात कळलं तर? आणि त्यांनी आपल्यालाच बोलावलं तर तुम्हाला कोण सांभाळणार, तुरुंगातली नर्स?’ मग म्हणाली, ‘मी तिच्यासाठी रोज एकवीस आवर्तनं करतेय. काही कमी करत नाहीये मी.’

ती खरंच करते. उमा वाईट बाई नाही. हे तिच्या बाजूने म्हणत नाही, अडचण म्हणून सांगतो. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. तीच मला रात्री कुशीवर वळवते, तीच वॉशरूमला नेते, तीच नखं कापते. माझी भीती एवढीच आहे, आणि ती अगदी क्षुद्र आहे. ती चिडली तर मला पलंगावरून कोण उठवणार?

आणि मला मिसेस कोवाल्चुक आठवत होती. एकाहत्तर साली मी सस्काटूनला शिकायला आलो तेव्हा तिच्या घरी भाड्याने राहायचो. युक्रेनची, नवऱ्यामागे एकटी राहणारी, इंग्रजी मोडकंतोडकं. माझ्या कागदपत्रांत घोळ झाला आणि कुणीतरी ओळखीचं पत्र द्यायला हवं होतं. तिला विचारायला मी तीन दिवस शब्द जुळवत होतो. तिने हात पिठाचे होते ते ॲप्रनला पुसले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार ओळी लिहिल्या, सही केली आणि म्हणाली, आता जेव. या घराखाली, या देशातल्या माझ्या चौपन्न वर्षांखाली त्या बाईच्या चार ओळी आहेत. तिला मी नंतर दोन ख्रिसमस कार्डं पाठवली.

बुधवारी उमा ग्रोसरीला गेली तेव्हा मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. कमान, पाटी, सोंड, उंदीर, नॅपकिन. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, ते खोटं होतं, हेही लिहिलं. सही केली. तारीख घातली. मग ते तिच्या हातात कसं द्यायचं हा प्रश्न आला, कारण उमा खोलीतून हलणार नाही हे ठाऊक होतं. तेव्हा मी पत्र घडी करून माझ्या खुर्चीच्या उशीखाली ठेवलं. मनात हिशोब असा की शिवांगी आली की सवयीने उशी उचलेल. तिला सापडेल. मला ना द्यावं लागेल, ना बोलावं लागेल. एकतीस वर्षं रस्ते आखलेल्या माणसाने शोधलेला मार्ग हा.

गुरुवारी दुपारी ती आली. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता, तिच्या अंगावर तेच पातळ जॅकेट. वाळली होती. उमाने दारातच तिचे हात हातात घेतले. ‘किती गारठलीस गं.’ पुरणपोळ्या केल्या होत्या, तूप वाढलं, तिसरी आग्रहाने घातली. शिवांगीने दोन खाल्ल्या. गोदामात काम मिळालंय म्हणाली, रात्रपाळी. पत्राचा विषय कुणीच काढला नाही. मी दर दोन मिनिटांनी मुद्दाम हलत होतो, उशी सरकावी म्हणून.

शेवटी तीच म्हणाली, ‘काका, ते लेटर?’

उमा उठली. ‘आधी देवाला नमस्कार कर. हळदकुंकू लावते तुला. ड्रेसपीस आणलाय, नारळ आहे, रिकाम्या हाताने पाठवणार नाही.’

शिवांगी देवघरापुढे गेली. हात जोडले आणि तशीच थांबली. मी माझ्या जागेवरून तिची पाठ पाहत होतो. ती जरा वाकली. मग हात पुढे करून त्या उंदराच्या पाठीवरच्या करड्या रेघेवरून तिने एक बोट फिरवलं. अकरा दिवस जो दगड टेबलावर मधे ठेवून तिला प्रश्न विचारले, त्याची जात ती विसरणार होती थोडीच.

‘काकू, हा कुठला?’

‘तो होय. नर्मदेतला,’ उमा म्हणाली. ‘माझ्या भावाने आणलेला. जुना आहे.’

शिवांगी वळली. उमाकडे नाही, माझ्याकडे. त्या हॉलमध्ये पाहिलं होतं तसंच, न रागावता, नुसती वाट बघत.

‘काका? नर्मदेतला आहे हा?’

तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे, सर? अगदी तोच प्रश्न, पण आपल्या भाषेत, माझ्या घरात. इथे अधिकारी नव्हता, कायदा नव्हता, सुटणारं विमान नव्हतं. कुंकवाची डबी हातात घेतलेली एक म्हातारी बायको होती, बस.

‘हो,’ मी म्हणालो. ‘नर्मदेतलाच.’

‘बरं,’ शिवांगी म्हणाली.

उमाने तिला हळदकुंकू लावलं. नारळ आणि ड्रेसपीस पिशवीत घातला. तिने ती पिशवी घेतली, उमाच्या पाया पडली, आणि मग माझ्याजवळ आली. माझ्याही पाया पडायला वाकली ती तशीच खाली बसली, कारण माझी उशी अर्धी बाहेर लोंबत होती.

‘काका, उशी पूर्ण सरकलीय. पडाल अशाने. उठा जरा, धरते मी. नीट करून देते.’

तिचा हात उशीवर होता. बोटं खाली गेली असती तर कागद लागला असता. पण त्या कागदावर खरं लिहिलं होतं आणि मी तिच्या तोंडावर आत्ताच खोटं बोललो होतो. तिने तो वाचला असता तर मी दोनदा खोटं बोललो हे तिला माझ्याच अक्षरात कळलं असतं. तिचं सगळं आयुष्य एका पारड्यात होतं, आणि मला लाज वाटत होती ती माझी. माझी एकट्याची.

मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

‘राहू दे,’ म्हणालो.

तिने हात काढून घेतला. उभी राहिली, ब्रेक लागलाय का ते पायाने पाहिलं, लागला होता. बसची वेळ झाली म्हणून निघाली. खिडकीतून मला ती कोपऱ्यापर्यंत दिसली. नारळाची पिशवी या हातातून त्या हातात घेत होती.

ती फेब्रुवारीत बार्शीला परत गेली. अनन्याकडून कळलं. पत्र अजून उशीखालीच आहे. कोणी उशी उचलत नाही, आणि मी दिवसभर त्याच्यावर बसून असतो. मंडळातलं कुणी घरी आलं की देवघरापुढे हात जोडतं आणि विचारतं, हा छोटा दगड कुठला. उमा स्वयंपाकघरात असते. मग मीच सांगतो, नर्मदेतला.